मागून बसलेली ठोकर आणि बंपरच्या आतलं

आठ-दहा दिवस पानावर काही टाकलं नाही. मण्यात पाणी उतरायची वेळ, त्यात गाडीचं काम निघालं. आज पिकाचं काही नाही, शेडमधलं लिहितोय. पण गाडी आता बहुतेकांच्या दारात आलीय, आणि कारखान्याचा सीझन चालू असताना आपल्या रस्त्यावर मागून ठोकर बसणं काही नवीन नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

झालं असं. तासगावहून येताना पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेतात वळत होता. मी थांबलो. माझ्या मागची पिकअप थांबली, पण थांबायच्या आधी आमच्या बंपरला टेकली. टेकली म्हणतो, कारण वेग फार नव्हता. आवाज मात्र असा आला की मागच्या सीटवरची आई म्हणाली, "टायर फुटला का रे?"

उतरून बघतो तर पिकअपवाला आपलाच. भावकीतला, माझ्या चुलतभावाचा पोरगा. वय एकवीस, पिकअप हप्त्यावर घेऊन पाच महिने झालेले. त्याच्या बापाचं आणि माझं बांधावरून तीन वर्षं बोलणं नाही. पोरगं घामाघूम झालेलं. म्हणालं, "तात्या, आबांस्नी सांगू नका. मी भरतो पैसं."

"कुठनं भरशील? आधी हप्ता भर," मी म्हटलं. "घरी ये संध्याकाळी."

गाडीचं नंतर, आधी माणसाचं सांगतो. मागून धक्का बसला की मान एकदम मागे जाते आणि पुढे येते. त्या वेळी काही जाणवत नाही, पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान धरते. आईला मी दोन दिवस सारखं विचारत होतो. हाताला मुंग्या येतात का, डोकं जड वाटतं का, चक्कर येते का. असं काही असेल तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरकडे न्या. आणि सीटच्या वरची उशी असते ना, हेडरेस्ट, ती डोक्याच्या माथ्याला येईल एवढी वर ओढून ठेवा. आपल्याकडे ती एकतर खाली दाबलेली असते, नाहीतर काढून माळ्यावर टाकलेली असते. शोभेसाठी दिलेली नाही ती. आई शाबूत आहे, दुसऱ्या दिवशी शेंगा फोडत बसली होती.

आता गाडी. छोटी गाडी आहे, २०१२चं मॉडेल, २०१८ला दुसऱ्याकडून घेतलेली. बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेला होता, त्याला वीतभर चीर, डावी टेल लाईट कोपऱ्यात फुटलेली. तालुक्याला एका गॅरेजवाल्याने बघून १२,४०० सांगितले. नवीन बंपर, रंग, लाईट, मजुरी.

विम्याचं बरेच जण विचारतात म्हणून इथंच सांगून टाकतो. माझा विमा पूर्ण आहे, फक्त थर्ड पार्टी नाही. पण झिरो डेप घेतलेला नाही. तसं असेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. बंपर प्लास्टिकचा, म्हणजे अर्धा गेला. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपल्या खिशातले. आणि मोठी गोष्ट, नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी ती सूट वाढत जाते. माझी ४५वर आलेली. एक क्लेम केला की परत शून्यावर. मोठं नुकसान असेल तर खुशाल क्लेम करा, त्यासाठीच विमा आहे. पण दहा-बारा हजारांसाठी आधी कागदावर आकडेमोड करा.

ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यातूनही नुकसान मागता येतं, कायद्याने तशी सोय आहे. पण त्याला मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं लागतं. वीतभर चिरेसाठी भावकीला तिथं कोण नेणार? एका बांधाचंच पुष्कळ झालंय.

तर ठरवलं की घरीच करायचं. संध्याकाळी पोरगं आलं तेव्हा सांगितलं, पैसे देऊ नकोस, चार दिवस सकाळी ये आणि हात लाव. गाडी तुझीही आहे, तुलाही कळू दे आत काय असतं.

पहिल्या दिवशी काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त बंपर उतरवला. माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे की वरून कितीही किरकोळ दिसू दे, बंपर उतरवून आत बघितल्याशिवाय त्याला किरकोळ म्हणू नका. प्लास्टिक धक्का खाऊन परत बाहेर येतं, आतलं लोखंड येत नाही. वेलीवर पान हिरवं दिसतं आणि खोडात किडा असतो, त्यातलाच प्रकार.

उतरवायला फार काही लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. चाकाच्या कमानीत दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, खाली प्लास्टिकची बटणं असतात, डिकी उघडली की कडेला आणि टेल लाईटच्या मागे १० नंबरच्या पान्याचे बोल्ट. सगळे निघाले की एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे, कोपऱ्यातून बाहेर ओढायचा. एकट्याने ओढू नका, दुसरी बाजू तुटते. जुलै २०१९नंतरच्या नवीन गाड्यांना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यांच्या तारा आत जोडलेल्या असतात. खसकन ओढलं तर त्या तुटतात. आधी हात घालून कनेक्टर सोडवा. स्क्रू कुठला कुठं होता ते पोरगं मोबाईलवर फोटो काढून ठेवत होतं. हे मला सुचलं नसतं, मी आपला घमेल्यात टाकत होतो.

आतून काय निघालं? दोन घमेली माती. उंदराचं घरटं, त्यात पाचट आणि आमच्याच पोत्याचा सुतळीतोडा. नंबरप्लेटच्या दिव्याच्या तारेचं वरचं रबर कुरतडलेलं. आणि या सगळ्याच्या मागे लोखंडी आडवा बीम. हा बीम दोन्ही टोकांना दोन-दोन बोल्टांनी बॉडीला धरलेला असतो. उजवीकडे दोन्ही होते. डावीकडे एकच. तोही हाताने फिरत होता. दुसऱ्याच्या भोकात नुसता गंज.

म्हणजे हा आताच्या ठोकरीचा प्रकार नव्हे. आम्ही घ्यायच्या आधी ही गाडी मागून एकदा लागलेली आहे. ज्याने कुणी ती केली त्याने वरून रंग असा दिला की सहा वर्षांत मला शंका आली नाही, आणि आत बोल्ट लावला नाही. त्या सहा वर्षांत मागच्या सीटवर कोण कोण बसलं ते मी मोजत बसलो. आई, मुलगी, बाळंतपणाला आणली तेव्हा नातू, एकदा तर शाळेची पाच पोरं. पोरगं म्हणालं, "तात्या, माझ्या पिकअपचं पण बघूया का?" बघितलं. तिचं ठीक होतं.

मग आतली तपासणी नीट केली. तीही सांगतो, कारण घरी करायचं की गॅरेजला न्यायचं हे इथंच ठरतं. डिकीतली गादी आणि स्टेपनी काढा. स्टेपनीच्या खड्ड्याच्या पत्र्याला कुठं सुरकुती पडलीय का, सांध्यावरचं सीलंट तडकलंय का ते बॅटरी मारून बघा. डिकीचं दार बंद केल्यावर डावी-उजवी फट सारखी आहे का बघा. नंतर टेप घ्या आणि डिकीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि उलट. आपण प्लॉट आखताना काटकोन तपासतो तसंच. दोन्ही माप सारखं आलं तर चौकट पिळलेली नाही. खाली वाकून सायलेन्सरचा पाईप आणि त्याची रबरं बघा, पेट्रोलचा वास येतो का बघा.

सुरकुती दिसली, कर्णात फरक आला, दार घासायला लागलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी सरळ गॅरेजला न्या. खर्चाचा विचार तिथं करायचा नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मग घरी काहीच करायचं नाही. टाकीचे पट्टे, व्हॉल्व्ह, नळी हे अधिकृत माणसाने तपासल्याशिवाय गॅसवर गाडी चालवू नका. आणि आपल्याकडे प्रत्येकाच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आहे, ट्रॉली जोडतो तशी गाडी जोडायचा मोह होतो. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते हे ध्यानात ठेवा. मशीन शेडमध्येच राहू द्या.

आमच्या गाडीचे कर्ण सारखे आले. पत्र्याला सुरकुती नाही. बीम सरळ. डावीकडचं प्लास्टिकचं ब्रॅकेट तुटलेलं, आणि सांध्यावर एक जागी सीलंट उललेलं. बीमचे चारही बोल्ट नवीन आणले, डोक्यावर ८.८ कोरलेले, जुन्याच मापाचे. रोटाव्हेटरला कुठले बोल्ट टिकतात हे माहीत असणाऱ्याला ८.८ म्हणजे काय ते सांगायला नको. गंज खरवडून मेटल प्रायमर दिला, उललेल्या जागी सीलंट भरलं, आणि शेवटी ओळखीच्या मिस्त्रीकडून टॉर्क पान्याने बोल्ट कसून घेतले. १० मिनिटांचं काम, चहावर झालं.

दुसऱ्या दिवशी बंपर. पोचा काढायला पैसा लागत नाही. उकळतं पाणी लागतं. बंबातलं पुरत नाही, पातेल्यात उकळी फुटलेलं हवं. एकाने वरून पोच्यावर सावकाश ओतायचं, दुसऱ्याने हातात जाड रबरी मोजे घालून आतून दाबायचं. प्लास्टिक मऊ पडतं आणि फटकन बाहेर येतं. लगेच गार पाणी ओतायचं म्हणजे आहे त्या आकारात बसतं. आमचं तिसऱ्या पातेल्याला आलं. आई ओट्यावर बसून म्हणाली, "गाडीला अंघोळ चाललीय व्हय?" हे फक्त प्लास्टिकला चालतं, पत्र्याच्या पोच्याला नाही. आणि घाई करून ज्योत लावू नका, रंगाला फोड येतात आणि प्लास्टिक लोंबतं.

चीर जोडायला थोडी समज लागते. बंपर उलटा केला की आतल्या बाजूला त्याच्या प्लास्टिकचं नाव छापलेलं असतं. आमच्यावर पीपी आणि ईपीडीएम असं होतं. बहुतेक बंपर असेच असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आता तुम्हीच सांगा, पीव्हीसी पाईपला सोल्युशन लावून जोड बसतो, तेच सोल्युशन एचडीपीईच्या काळ्या पाईपला लावलं तर? नाही बसत. तिथं तापवूनच जोडावं लागतं. पीपी त्याच जातीचं आहे. फेविक्विक, एम-सील, काहीही लावा, दोन महिन्यांत पापुद्रा निघतो. त्याला त्याच्याच जातीचं प्लास्टिक वितळवून लावावं लागतं.

ते कुठं मिळतं? मोडक्या खुर्चीत. आपल्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पीपीच्याच असतात. खाली शिक्का असतो, त्रिकोणात ५ आकडा, तो पीपीचा. आधी बंपरच्या आतल्या कडेला छोटा तुकडा वितळवून लावून बघितला, गार झाल्यावर पक्कडीने ओढला. सुटला नाही. सगळ्याच खुर्च्या चांगल्या नसतात, काहींत भुकटी इतकी घातलेली असते की तुकडा कडकन मोडतो, म्हणून हे बघूनच पुढं जा. केबल टाय वितळवून लावणारेही बघितलेत, पण तो नायलॉनचा असतो, पीपीत मिसळत नाही.

चिरेच्या शेवटाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. आतल्या बाजूने चिरेवर नांगराच्या तासासारखी चर काढली, सोल्डरच्या तापलेल्या टोकाने दोन्ही कडा एकमेकांत वितळवल्या. त्यावर स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी तापवून दाबून बसवली आणि वरून खुर्चीच्या पट्ट्या वितळवत भरल्या. बाहेरच्या बाजूने उथळ चर काढून तसंच भरलं. हे उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करा, धूर वाईट असतो. जोड आपोआप गार होऊ द्या, पाणी मारू नका. पोराचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, बाहेरची बाजू त्यानेच भरली.

तिसऱ्या दिवशी घासकाम. पॉलिश पेपर आधी १२०, मग २४०, मग ४००. मध्ये बंपरची लवचीक लांबी, पातळ हात. पत्र्याची लांबी बंपरला लावू नका, ती कडक असते, बंपर हलला की तडकते. घासत होतो तेवढ्यात शेडच्या दारात सावली पडली. पोराचे वडील. पोराला शोधत आले होते, त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. बंपर बघितला, पोराकडे बघितलं, सगळं समजलं त्यांना. मी म्हटलं, "ये, आबा." तीन वर्षांनी म्हटलं.

हा माणूस लग्नाआधी भोसरीला चार वर्षं रंगाच्या दुकानात कामाला होता, हे मी विसरलो नव्हतो. पण बोलवायला कोण जाणार? तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "कोरडं काय घासतोयस? पेपर भिजव." आणि पोराच्या हातातून पेपर घेतला. त्यात लाकडाचा ठोकळा गुंडाळला आणि घासायला बसला. बोटांनी घासलं की बोटांचे वळ रंगाखाली दिसतात, ठोकळ्याने घासायचं, हे त्याने दाखवलं. डोळे मिटून तळहात फिरवायचा, डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं, हेही त्यानेच सांगितलं. पुढचा सगळा रंग त्याचाच आहे.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, त्यावरून स्प्रेचा डबा मिळतो. प्लास्टिकला आधी प्लास्टिकचा प्रायमर, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात रंग पापडासारखा निघतो. मग रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये १०-१५ मिनिटं. आबाने पहाटे सहाला करायला लावलं, तेव्हा वारा नसतो आणि उसाच्या ट्रॅक्टरची धूळ उठलेली नसते. शेडची जमीन पाणी मारून ओली केली होती. वरून क्लिअर कोट. दोन डब्यांचं मिसळून मारायचं क्लिअर मिळतं, चमक जास्त येते, पण त्याच्या फवाऱ्याने फुफ्फुसाला कायमचा त्रास लागू शकतो आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. औषध फवारताना आपण जो हलगर्जीपणा करतो तो इथं करू नका. साधा एका डब्यातला क्लिअर वापरा.

शेड थोडा वेगळा आलाय. नवीन पांढरा आणि १२ वर्षं उन्हात राहिलेला पांढरा एक होत नाही. जवळून दिसतं. मला चालतंय.

टेल लाईट जुन्या सामानाच्या दुकानातून ६०० रुपयांना मिळाली. फुटलेल्या लाईटला लाल टेप लावून दिवस काढू नका, आत पाणी जाऊन होल्डर सडतो आणि मग ब्रेकचा दिवा लागतच नाही. सगळं बसवल्यावर एकाला मागे उभं करा आणि दिवे, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, नंबरप्लेटचा दिवा एकेक करून बघा. कुरतडलेली तार बदलली, आणि उंदरासाठी सापळा लावलाय.

सगळा खर्च २,५८० रुपये. ब्रॅकेट, लाईट, प्रायमर, रंग, क्लिअर, लांबी, पेपर, बोल्ट धरून. आबाने रंगाचे पैसे द्यायला काढले, मी घेतले नाहीत. बांधाचं काही बोलणं झालं नाही. तो म्हणाला, "मोजणीवाला आला तर सांग, मी असेन." एवढंच.

त्याच दिवशी लाल रिफ्लेक्टर टेपचा मोठा रोल आणला होता. आमच्या ट्रॉलीला मागे लावला, आबाच्या ट्रॉलीलाही. ऊस बाहेर लोंबतो तिथं टेप झाकला जातो, म्हणून खाली फळीच्या कडेला आणि दोन्ही टोकांना लावलाय. रोल अजून निम्मा शिल्लक आहे. ज्यांची ट्रॉली रात्री रस्त्यावर असते त्यांनी वस्तीवर येऊन घेऊन जावा, पैसे नकोत, ट्रॉली तेवढी धुऊन आणा म्हणजे टेप चिकटेल. पांढऱ्या रंगाचाही एक डबा अर्धा उरलाय. बीमच्या रिकाम्या भोकाचा फोटो खाली टाकलाय, तो मोठा करून बघा.